आबांचा वस्तरा

हॉस्टेलवर दाढीचे तीन प्रकार आढळतात. पहिली सबमिशनची दाढी. ही आपोआप येते, हिला कुणी काही विचारत नाही. दुसरी प्रेमभंगाची. ही पहिलीसारखीच दिसते, फक्त हिच्या रूममधून रात्री गाणी ऐकू येतात. आणि तिसरी कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सकाळची, म्हणजे मुळात नसलेली दाढी. त्या सकाळी बेसिनपाशी जी रांग लागते आणि 'अरे, तुझा रेझर दे ना दोन मिनिटं' असा जो पुकारा होतो, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. हे मासिक रेक्टर सरही वाचतात.

पण हा लेख दाढीवर नाही, दाढीच्या हत्यारावर आहे. आपण वापरतो तो प्लॅस्टिकचा रेझर नव्हे, तर उघडझाप करणारा, लांब पात्याचा, जुना पोलादी वस्तरा. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असा एक गंजलेला वस्तरा मी हाताने दुरुस्त केला. मशीन नाही, मोटर नाही. मेकॅनिकलच्या तीन वर्षांत 'मटेरियल सायन्स' जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या दहा दिवसांत कळलं. (हे वाक्य मटेरियल सायन्सच्या सरांनी मनावर घेऊ नये.)

मी एरंडोलचा. जळगावहून धुळ्याकडे निघालात की हायवेवरच आमचं गाव लागतं. अंजनी नदी, पांडववाडा आणि जवळच जंगलातलं पद्मालय, एवढी ओळख बहुतेकांना असते. खान्देशाबाहेरच्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. एरंडोलला एके काळी हातकागद बनत असे आणि तो नावाजलेला होता. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही त्याची नोंद आहे. आता तो कागद नाही. हाताची कामं अशीच जातात. कुणी बंद करत नाही, एक दिवस ती करणाराच उरत नाही.

आमच्या घरात चार पिढ्या वस्तरा आहे. आमचा समाज नाभिक. वडिलांचं गावात सलून आहे, तीन खुर्च्यांचं. आरशाच्या वर संत सेना महाराजांचा फोटो आणि खाली जुनी वर्तमानपत्रं. फर्स्ट इयरला ओळख करून देताना 'वडील काय करतात?' हा प्रश्न आला तेव्हा मी सरळ 'सलून आहे' म्हणून सांगितलं. पुढे सहा महिने विंगमधली पोरं कात्री घेऊन माझ्या रूमवर कटिंग करून घ्यायला येत होती. काहींनी एक नावही ठेवलं. ते नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी ठेवलं त्यांना आठवत असेलच.

तर दिवाळीची साफसफाई. माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली आणि तिच्यात आबांची धोकटी सापडली. धोकटी म्हणजे न्हाव्याची चामड्याची पिशवी. आपला टूलबॉक्सच म्हणा ना. आत एक कात्री, केस कापायचं हाताचं मशीन, नखं काढायची नराणी, पितळी वाटी, होडीसारखा मधे झिजलेला एक निसणा, वाळून कडक झालेला चामडी पट्टा आणि दोन वस्तरे. एकाचं पातं मधोमध तुटलेलं. दुसरा मुठीत मिटलेला होता तो उघडेचना. जोर लावून उघडला तर पातं तपकिरी, त्यावर काळे डाग, धारेला एका जागी नखाएवढा खांडा पडलेला. मुठीजवळच्या शेपटीवर बारीक अक्षरं होती. भिंगाने वाचली : सोलिंगेन, जर्मनी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथेच उभे होते. म्हणाले, "दुपारी भंगारवाला येईल, देऊन टाक."

आबा ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूची ऑपरेशन्स झालेली, उजवा हात सतत थरथरतो. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं असं आम्ही सगळे समजतो. पण 'भंगार' हा शब्द त्यांना ऐकू आला. म्हणाले, "माले दखाड."

मी नेऊन दाखवला. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने पाठ चाचपली, मग पात्यावर नखाने टिचकी मारली आणि कानापाशी धरला. परत टिचकी मारली. "हाई लोखंड नही, पोलाद शे," म्हणाले आणि वस्तरा मला परत दिला. बस्स, एवढंच. 'दुरुस्त कर' म्हणाले नाहीत आणि 'राहू दे' पण म्हणाले नाहीत.

मी ठरवलं, करायचा. अण्णा मात्र भडकले. "तुले हाईच कराले इंजिनिअरिंगले धाडं का?"

हा राग कळायला थोडं मागे जावं लागेल. आबांच्या उमेदीच्या काळात बलुत्याची पद्धत पूर्ण संपली नव्हती. धोकटी काखेत मारून ते सकाळी निघायचे. आज रिंगणगाव, उद्या विखरण, असे वार ठरलेले. दाढीमागे पैसे नाहीत. वर्षभर सगळ्या घरच्या दाढ्या-कटिंगा करायच्या आणि सुगीत खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. आमच्याकडे रब्बीच्या ज्वारीला दादर म्हणतात. देणारा चांगला असला तर सूप भरून दादर, नाहीतर 'पुढच्या सालाले दखू'. अण्णा लहानपणी आबांबरोबर पोतं धरायला जायचे. कुणाच्या ओट्याच्या खाली किती वेळ उभं राहावं लागलं, कुणी पाणी वरून ओतलं, हे त्यांना घरागणिक पाठ आहे. ते कधी सांगत नाहीत. आईने मला सांगितलं. म्हणून अण्णांनी स्वतःचं दुकान टाकलं, गिऱ्हाईक खुर्चीवर आणि दर भिंतीवर. त्यांच्यासाठी दरपत्रक हीच क्रांती होती.

पुढे १९९० च्या दशकात एड्सची जनजागृती सुरू झाली. एकच वस्तरा सगळ्यांना लावायचा नाही, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, हे सलूनमध्ये रुजलं आणि ते योग्यच होतं. अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आला. धार लावायचं काम गेलं, पट्टा गेला, निसणा गेला. आबांचे वस्तरे ट्रंकेत गेले. अण्णांनी ट्रंकेला कुलूप लावलं ते नुसत्या वस्तऱ्याला नव्हे, त्या ओट्यांना आणि त्या खळ्यांना लावलं. आणि आता त्यांचा इंजिनिअर होऊ घातलेला मुलगा तेच कुलूप उघडून बसला होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही भडकलो असतो.

तरी मी काम सुरू केलं. अण्णा दुकानात गेले की बसायचं आणि ते यायच्या आत उचलायचं, असा क्रम. आता कामाचं सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी असं एखादं हत्यार पडलेलं असणार.

पहिलं काम तपासणीचं. पात्याला तडा गेला असेल तर बाकीची मेहनत पाण्यात. वर्कशॉपमध्ये आपल्याला खडू-रॉकेलची चाचणी सांगितली होती, आठवते का? आजीने जुन्या काळापासून जपलेली रॉकेलची बाटली होती. पात्याला रॉकेल लावून ठेवलं, पुसलं, वरून खडूची पूड पसरली. तडा असता तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटली असती. रेघ उमटली नाही. हे आबांना सांगितलं तर ते नुसते हसले. त्यांची चाचणी पहिल्याच दिवशी झाली होती. टिचकीचा आवाज स्वच्छ आला म्हणजे पातं अखंड. चिरकलेलं पातं बद्द वाजतं. मडकं घेताना बायका तेच करतात. आपण त्याला 'नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग' म्हणतो आणि त्यावर सात मार्कांचा प्रश्न येतो.

दुसरं काम गंज काढणं. आमच्या गल्लीतला मित्र वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे. तो म्हणाला, "आण इकडे, ग्राइंडरवर दोन मिनिटांत चांदी करून देतो." मी आबांना विचारलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "पानी उतरी जाई."

या तीन शब्दांत आपलं हीट ट्रीटमेंटचं अख्खं प्रकरण आहे. पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग ते परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी करायचा. याला आपले लोहार 'पाणी देणं' म्हणतात आणि आपण 'हार्डनिंग अँड टेम्परिंग'. दुसऱ्यांदा किती तापवायचं ते रंगावरून कळतं. साधारण २२० अंश सेल्सिअसला पोलादावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढतो, ३०० च्या आसपास निळा. वस्तऱ्याचं पातं धारेकडे कागदासारखं पातळ. कोरड्या ग्राइंडरवर धरलं की ती कड बघता बघता निळी पडते, म्हणजे तिथला कडकपणा गेला. मग कितीही घासा, धार टिकणार नाही. दोन मिनिटांत चांदी झाली असती, पण वस्तरा मात्र गेला असता.

म्हणून हातानेच. आधी धार मुद्दाम बोथट केली, म्हणजे बोटं शाबूत राहतात. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवला. मग पॉलिश पेपर तेलात भिजवून, बुचाच्या तुकड्याला गुंडाळून घासायला घेतला. आधी ४०० नंबर, मग ६००, मग १०००, शेवटी २०००. हात पात्याच्या लांबीने न्यायचा, धारेच्या दिशेने कधीच नाही. लाल गंज लवकर निघतो. काळे डाग मात्र चिवट, कारण तिथे गंजाने पोलादात खड्डे खाल्लेले असतात. ते पूर्ण काढायचे तर पातंच पातळ करावं लागेल. आबा म्हणाले, "राहू दे. डाग दाढी करत नही." मी राहू दिले. मूठ म्हशीच्या शिंगाची होती, सुकून पांढरट पडलेली. तिला रोज रात्री खोबरेल तेल चोळलं तर चौथ्या दिवशी काळीभोर झाली. रिव्हेटपाशी तेलाचा थेंब सोडला आणि पातं दरवाजासारखं गपगार फिरायला लागलं. पाच संध्याकाळी यात गेल्या.

तिसरं काम धारेचं, आणि खरी इंजिनिअरिंग इथे आहे. मला प्रश्न पडला होता की आबा आयुष्यभर नुसत्या हाताने धार लावत आले, मग कोन कसा सांभाळत होते? चाकू-विळ्याला धार लावताना हात हलला की कोन बदलतो. उत्तर वस्तऱ्याच्या पाठीत आहे. वस्तरा निसण्यावर उभा धरत नाहीत, आडवा झोपवतात. पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. म्हणजे कोन हाताने ठरत नाही, पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने ठरतो. मी व्हर्नियर लावला : रुंदी १६ मिमी, पाठीची जाडी ४.५ मिमी. जाडीचा अर्धा भागिले रुंदी, त्याचा साइन इन्व्हर्स, आणि त्याची दुप्पट. उत्तर येतं सुमारे १६ अंश. घासताना धारेबरोबर पाठही थोडी थोडी झिजते, म्हणून पातं अरुंद होत गेलं तरी कोन फारसा बदलत नाही. ज्याने कुणी हा आकार पहिल्यांदा काढला त्याने जिगच हत्याराच्या अंगात घालून ठेवला. मी कागदावर आकृती काढून आबांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंग? पाठ उचलानी नही, हाई तर पोरंबी जानतंस."

आबांचा निसणा मधे झिजलेला होता, त्यावर सपाट धार येणं शक्य नाही. खिडकीची जुनी काच ओट्यावर ठेवून, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवून निसणा घासला. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासत राहिलो. सर्व रेघा गेल्या म्हणजे दगड सपाट. खांडा काढायला १००० नंबरचा नवा दगड आणला. तो खांडा निघायलाच दोन दिवस लागले, कारण आजूबाजूची सगळी धार त्या खड्ड्याच्या तळापर्यंत मागे न्यावी लागते. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं, टोकापाशी उलटायचं, पाठीवरून वळवायचं. वजन फक्त वस्तऱ्याचं, हाताचं नाही.

धार सगळीकडे टेकते आहे का हे बघायला कडेवर मार्कर फिरवला. फिटिंगच्या जॉबला आपण प्रशियन ब्लू लावतो तसंच. घासल्यावर जिथे शाई उरली तिथे दगड लागला नाही. टाचेकडे उरत होती. आबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "मांगे लागत नही तुना." मी म्हटलं, आबा, तुम्हाला दिसतं कुठे? "धार दखाले नही, ऐकाले येस." खरंच होतं. टाचेचा आवाज वेगळा, पोकळ येत होता. पुढच्या तासाभरात तो बदलत बदलत शेवटपर्यंत एकसारखा झाला, पाण्यात भिजवलेलं रेशीम ओढल्यासारखा. मार्कर पुन्हा लावून पाहिला तर शाई कुठेच उरली नव्हती. मार्कर आणि आबांचे कान यांचा निकाल एकच.

शेवटी आबांच्या जुन्या निसण्यावर, साबणाच्या फेसात, अगदी हलक्या हाताने. मग चामड्याचा पट्टा. तो तेल देऊन मऊ केला होता. पट्ट्यावर उलटं असतं. धार मागे, पाठ पुढे, नाहीतर चामडं कापलं जातं आणि धारही जाते.

इथे जगातली एक गंमत सांगायलाच हवी. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. तरी ब्लेडची धार केसानेच जाते. असं का होतं, हे अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात छापलं. धार घासून गोल होते असं आपण समजतो, पण त्यांना दिसलं की केस वाकतो तेव्हा धारेचे अगदी बारीक कपचे उडतात, विशेषतः जिथे पोलादाची रचना एकसारखी नसते तिथे. हे मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, म्हणून तर दाढी आधी चांगली भिजवायची. भिजलेला केस मऊ पडतो, हे आबांच्या बोटांना ठाऊक होतं.

वस्तऱ्याबद्दल वाचता वाचता लायब्ररीत आणखी एक गोष्ट मिळाली, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. आपल्याकडे विधवांचं केशवपन करायची रूढी होती आणि ते काम नाभिकाच्या हातून होई. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा झाली आणि हे काम आपण करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. जे लोक खळ्यावर सूपभर दादरसाठी थांबत, त्याच समाजातले हे लोक. हातातलं काम नाकारणं म्हणजे पोटावर पाय. तरी नाकारलं. मी हे त्या रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. आबांनी 'हं' केलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण ताटावरून उठताना म्हणाले, "ते पुस्तक राहू दे इथे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात खिळ्याला पट्टा अडकवून वस्तरा फिरवत होतो. अण्णा दुकानातून लवकर आले. मला उचलायला वेळ मिळाला नाही. ते थोडा वेळ मागे उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "पट्टा ढिला सोडू नको. ताण." मी ताणला. "मनगट फिरव, कोपर नही." मग म्हणाले, "आन आठे."

त्यांनी वस्तरा घेतला. तो हात मी रोज दुकानात पाहिलेला आहे, पण हा वेगळाच हात होता. पट्ट्यावर वर-खाली, वर-खाली, प्रत्येक वळणाला वस्तरा पाठीवर लोळत होता आणि आवाज घड्याळासारखा एका लयीत. पन्नास-साठ वेळा झाल्यावर थांबले, डोक्याचा एक केस उपटला, दोन बोटांत लोंबता धरला आणि धारेला टेकवला. केस तुटून खाली पडला. अण्णांनी वर पाहिलं. आबा ओट्यावर बसून होते, चार दिवसांची पांढरी दाढी वाढलेली. अण्णा आईला म्हणाले, "पाणी गरम कर."

वस्तरा स्पिरिटने पुसला. गरम टॉवेल आबांच्या गालावर दाबून ठेवला, ब्रशने फेस केला, नीट मुरू दिला. मग डाव्या हाताने कानाखालची कातडी वर ताणली आणि पातं गालावर तीसेक अंशात टेकवून खाली आणलं. म्हाताऱ्या माणसाची कातडी सैल असते, सुरकुत्या असतात, आणि आबांची मान हलते. ब्लेडच्या रेझरने मी त्यांची दाढी करतो तेव्हा एखादा चरा उठतोच. अण्णा मान हलायची तेव्हा थांबायचे आणि स्थिर झाली की पुढे जायचे. घरात कुणी बोलत नव्हतं. नुसता तो आवाज, वाळलेल्या पानावरून बोट फिरवल्यासारखा. आबांनी डोळे मिटले होते. ते ऐकत होते हे मला माहीत होतं.

एकही रक्ताचा थेंब नाही. तुरटी फिरवून झाल्यावर आबांनी थरथरता हात उलटा करून गालावरून फिरवला आणि म्हणाले, "बरी शे." ही शाबासकी धारेला होती, अण्णांच्या हाताला होती की मला, ते कळायला मार्ग नाही. आमच्या घरात मार्कांची फोड देत नाहीत.

रात्री अण्णांनी स्वतः वस्तरा धुतला, कोरडा केला, तेल लावलं. म्हणाले, "दुकानमा नको. घर राहू दे." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता : "हात शिकना तर शिकू दे. पोटसाठे नको." मला वाटतं त्यांच्या रागातला नेमका मुद्दा हाच होता. वस्तरा वाईट नव्हता. दुसरा काही मार्गच नाही म्हणून तो धरावा लागणं, हे वाईट होतं. आणि ज्याला मार्ग आहे त्याने तो हातात धरून बघितला तर अपमान कुणाचाच होत नाही. उलट त्यात किती काय भरलेलं आहे ते दिसतं.

मित्रांनो, आपण इथे चार वर्षं काढतो आणि बाहेर पडताना आपल्याला वाटतं की ज्ञान म्हणजे जे पीपीटीत आहे ते. आपल्या वर्कशॉपमधले इन्स्ट्रक्टर काका फाईल मारताना नुसत्या आवाजावरून 'जॉब वाकडा धरलास' म्हणून लांबून ओरडतात, तेव्हा आपण हसतो. सुट्टीहून आल्यापासून मी हसत नाही. त्यांच्या कानात काय आहे हे मला आता थोडंसं कळलं आहे. पुढच्या वेळी कटिंगला खुर्चीत बसाल तेव्हा मोबाईल खिशात ठेवून आरशात जरा त्या माणसाच्या मनगटाकडे बघा. आणि त्याला नावाने हाक मारा, जातीच्या नावाने नको. एवढीच विनंती.

घरी जुना अडकित्ता, विळी, रंधा, सुतारी पटाशी, काहीही पडलं असेल तर भंगारात देण्याआधी टिचकी मारून बघा. आवाज स्वच्छ आला तर ग्राइंडरवाल्या मित्रापासून लांब ठेवा आणि पॉलिश पेपर घेऊन माझ्या रूमवर या. कात्री मात्र आणू नका, कटिंग बंद आहे.

वस्तरा एरंडोललाच आहे. दर रविवारी दुकान उघडायच्या आधी अण्णा आबांची दाढी त्यानेच करतात, असं आई फोनवर सांगत होती. माझी दाढी मी इथे तुमच्यासारखीच करतो, वीस रुपयांच्या प्लॅस्टिकच्या रेझरने. धार लावता आली, पण वस्तरा चालवणारा हात अजून यायचा आहे. अण्णा म्हणतात, आधी फुग्यावर फेस लावून शिक. फुगा फुटला नाही की मग बघू.